मोडून नेलेली व्यंजनं

अव्वांचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. बसूच्या आईला आम्ही सगळे अव्वाच म्हणायचो. नेसरीकडच्या लिंगायत घरातली बाई, निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. एरवी फोनवर त्या ओरडून बोलायच्या, त्या दिवशी आवाज अगदी खाली गेला होता. "तम्मा, बसू उठंना झालाय रे," एवढंच म्हणाल्या; मला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. मी शिवाजी पेठेतल्या त्यांच्या खोलीवर पोचलो तर तो मोरीत आडवा पडलेला. फिट आली होती आणि पडताना डोकं दगडी कट्ट्यावर आपटलं होतं. अव्वांनी ते डोकं मांडीवर घेतलं होतं. कानातून आलेलं रक्त त्या पदरानं पुसत होत्या, आणि पुसून झालं की पुन्हा पुसत होत्या. बसवराज हेब्बाळे, वय छत्तीस. शेजारपाजारचे म्हणाले, फिटनं गेला. खरं म्हणजे नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी आमच्या दुकानात त्याला मारला होता. मरायला त्याला नऊ वर्षं लागली.

त्यांच्याकडं बसवून पुरतात. मांडीवर दोन्ही हात ठेवायचे, डाव्या तळव्यात गळ्यातलं इष्टलिंग. डावा हात सरळ बसला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र आकड्यासारखी वळलेली, ती काही केल्या खाली जाईनात. एक पाहुणा जोर लावायला लागला तेव्हा अव्वा म्हणाल्या, "सोडा ओ ते. लई दाबलंय लोकांनी त्या हाताला." आज दीड महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही...

बसू कोल्हापुरात आला तो कुस्तीसाठी. पहाटे तालीम आणि दिवसा तंत्रनिकेतन. माझी त्याची ओळख तंत्रनिकेतनातली, पण मैत्री झाली ती मारामारीत. फुटबॉलची मॅच संपल्यावर दोन पेठांच्या पोरांत जुंपली आणि मी मधे सापडलो. माझ्या छातीवर बसून एकजण ठोसे घालत होता. बसूनं त्याला मागून उचलला आणि धोबीपछाड मारावा तसा रस्त्यावर आपटला. मग मला उठवत म्हणाला, "पावणं, मारता येत न्हाय तर पळायला तरी शिका की." त्यानंतर आयुष्यभर मी पळायलाच शिकलो.

नव्वदीच्या शेवटाला एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या फुकट संगणकप्रणालीची सीडी आली. बसूनं ती उघडली आणि तालीम सुटली. फुकट आहे याचं त्याला फारसं काही नव्हतं. आतलं सगळं उघडं आहे, वाचता येतं, चूक दिसली तर आपण दुरुस्त करून परत पाठवू शकतो, याचं त्याला वेड लागलं. "हे आखाड्यासारखं हाय सुध्या," म्हणायचा, "कुणीबी उतरावं, जोर दाखवावा." आम्ही दोघांनी मिळून पेठेत इंटरनेटचं दुकान काढलं. पाच मशिनं, एक टेलिफोन लाइन, आणि आतल्या खोलीत लिनक्स घातलेलं सहावं मशिन. ते मधे बसून पाचही मशिनांना लाइन वाटून द्यायचं. ते सगळं जमवायला बसूला वीस दिवस लागले. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ चुकली की पाचही मशिनं मुकी व्हायची, आणि हा भिंतीवर बुक्क्या मारत बसायचा.

त्या सहाव्या मशिनमध्ये नोंद राहायची. कुठल्या मशिनवरून किती वाजता काय उघडलं, सगळं. त्या काळी मेल कुणाला चाललीय तेही कधीकधी पत्त्याच्या ओळीत दिसायचं. बसूनं ती नोंद बिघाड शोधायला चालू ठेवली होती. मी एकदा ती वाचली, आणि मला फार मोठं गुपित सापडल्यासारखं वाटलं. चहाच्या टपरीवर चारचौघांत मी बोललो, "आमच्या मशिनला सगळं कळतंय. कोण कुणाला काय लिवतंय, सगळं." लोक हसले. मलाही भारी वाटलं.

आमच्याकडं एक मुलगी यायची. तिचं नाव मी आजही लिहिणार नाही. कोपऱ्यातल्या मशिनवर बसायची, अर्धा तास टाइप करायची, जाताना बसूला "येते दादा" म्हणायची. पुण्याला नोकरीला गेलेल्या एका मुलाला ती लिहायची. मुलगा दुसऱ्या जातीतला होता. घरी कुणकुण लागली. तिच्या थोरल्या भावाच्या कानावर माझं टपरीवरचं बोलणंही गेलं.

ते पाचजण आले तेव्हा ऐन दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. थोरल्या भावानं आत येऊन शांतपणे शटर निम्मं खाली ओढलं. "आमची भन कुणाला लिवती ते दाव," म्हणाला. बसू उठला नाही. सहाव्या मशिनसमोर बसल्या बसल्या म्हणाला, "बसा की. चा सांगतो." आणि बोलता बोलता त्याची बोटं चालत होती. काय करतोय ते फक्त मला कळलं. तो नोंद पुसत होता. त्या मशिनला पुसायलाही वेळ लागायचा. थोरल्याला ते समजलं तेव्हा त्यानं शटर ओढायची लोखंडी आकडी उचलली. बसूनं पहिल्याला खांद्यावरून फेकला, तो काचेच्या कपाटावर गेला. दुसऱ्याच्या तोंडावर त्यानं डोकं हाणलं, त्याचे दात फरशीवर पडलेले मी पाहिले. तेवढंच पाहिलं. कारण मी मागच्या दारानं बोळात पळालो होतो.

बोळात पिठाची गिरणी होती. गिरणी चालू होती, म्हणून फार काही ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. ऐकू येत होतं. आकडीचा आवाज लाकडावर वेगळा येतो आणि हाडावर वेगळा. "कोण हाय त्यो? नाव सांग!" आणि मग बसूचा आवाज, "न्हाय म्हाईत." पुन्हा आकडी. पुन्हा "न्हाय म्हाईत". त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावर धरून बोटांवर मारलं. शेवटी एकानं मॉनिटर उचलून डोक्यात घातला. मी आत गेलो तेव्हा शटर पूर्ण वर होतं, रस्त्यावर माणसं उभी होती आणि बसू रक्तात पडलेला. त्याचे डोळे उघडे होते. मला बघून म्हणाला, "पुसलं रं. सगळं पुसलं."

दवाखान्यात फौजदार जबाब घ्यायला आले. बसूनं सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. मीही होकाराची मान हलवली. तक्रार केली असती तर त्या मुलीचं नाव कागदावर आलं असतं. आठवडाभरातच ती कोल्हापूर सोडून गेली. लग्न केलं एवढं कळलं, पुढचं काही नाही. महिन्यानं बसूला पहिली फिट आली.

त्यानंतरचा बसू लोकांना सांगावा असा नव्हता, पण सांगायला हवा. तो वाईट झाला. भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्यानं मला कानफटात मारली, कारण मी दोन्ही हातांनी भरभर टाइप करत होतो. एकदा कीबोर्ड फेकून मारला, त्याची खूण माझ्या भुवईवर अजून आहे. अव्वांनी वाढलेलं ताट त्यानं भिंतीवर भिरकावलं. मी उलटून कधी बोललो नाही. त्याला वाटत असेल हा किती सोसतो. मला माहीत होतं की मी फेडतोय.

एके दिवशी मी आत गेलो तर तो पडद्याकडं बघून हसत होता. मराठीच्या कळफलकात स्वर डाव्या हाताला असतात आणि व्यंजनं उजव्या. पडद्यावर ओळभर आ, ई, ऊ, ए, ओ असं उमटलं होतं. "बघ," म्हणाला, "मला नुसतं कण्हता येतंय, सुध्या. स्वर तेवढे ठेवले माझ्याकडं. व्यंजनं मोडून नेली भडव्यांनी." आणि मग अचानक हसायचा थांबला आणि ओळीकडं बघत राहिला.

पुढचे सात-आठ महिने त्यानं एकच काम केलं. लिनक्समध्ये कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटावं हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल त्यानं नव्यानं लिहिली. लांब पट्टीची कळ अंगठ्यानं दाबून धरायची, की उजवीकडची सगळी व्यंजनं डावीकडं यायची. सांगायला सोपं. पण जोडाक्षरं फुटायची, रफार भलत्याच अक्षरावर चढायचा, आणि त्यात फिटा. जीभ चावलेली, ओठ सुजलेले, तसाच येऊन बसायचा. पहिला अख्खा शब्द त्यानं 'कोल्हापूर' लिहिला. त्यातला 'ल्हा' जुळायला तीन आठवडे लागले होते.

जगभरातली माणसं मिळून ज्या प्रकल्पात असले कळफलक जमवायची, तिथं त्यानं ती फाइल पाठवली. उत्तर दोन ओळींचं आलं: हे वापरणार कोण, एका माणसासाठी फाइल घेता येत नाही. बसूनं उत्तर देणाऱ्याला असं काही लिहिलं की त्यांनी बसूला प्रकल्पाच्या पत्रव्यवहाराच्या यादीतून काढूनच टाकलं. मी म्हणालो, "माफी मागून टाकू की." त्यानं डाव्या हातानं माझा गळा धरला. "माफी? म्या? तुला माफी मागायची सवय हाय व्हय रं?" माझा श्वास अडकेपर्यंत त्यानं धरून ठेवलं. मग सोडलं.

पण उघड्या आखाड्यात चार जण बघत असतात. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेल्या बापासाठी कुणा परक्या मुलीनं त्याची फाइल मागितली. मग एका शिक्षकानं मागितली. अशी पंधरा-वीस पत्रं जमली तेव्हा प्रकल्पवाल्यांनी स्वतःहून ती घेतली आणि मदत करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. बसूनं अव्वांना ते पडद्यावर दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यात तुझ्या अप्पाचं नाव बी हाय का?" तो म्हणाला, "हाय की, मधलं." त्या दिवशी त्यानं कुणावर हात उचलला नाही.

पुढं दुकान बंद झालं. बसू शाळांत, वाचनालयांत लिनक्स घालून द्यायचा. एका सकाळी आम्ही कळंब्याच्या तळ्यावर फिरायला गेलतो. समोरून तो थोरला भाऊ आला. केस पिकलेले, अंग उतरलेलं. मी काही म्हणायच्या आत बसूनं डाव्या बगलेत त्याची मान पकडली आणि ओढत पाण्यात नेला. डोकं पाण्याखाली दाबून धरलं. मी पाठीवर बुक्क्या मारत होतो, "बसू, सोड, मरंल त्यो!" तो पैलवानाचा हात होता, हलत नव्हता. पाण्यावर बुडबुडे येत होते, मग तेही कमी झाले... तेव्हा त्यानं सोडलं. तो माणूस काठावर पालथा पडून पाणी ओकत राहिला. दम आल्यावर त्यानं शिवी दिली नाही. बसूच्या पायाला हात लावला. "आई मरायला टेकलीया," म्हणाला. "तिचं नाव घेत्या रोज. कुठं हाय ती, त्येवढं सांग. काय करनार न्हाय मी."

बसू पाय सोडवून मागं सरला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मग म्हणाला, "न्हाय म्हाईत. खरंच न्हाय म्हाईत मला." आणि या वेळी तो रडत होता. परत येताना फक्त एकदा बोलला. "पुसाय नको होतं का रं?" टपरीवर मी काय बोललो होतो ते त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

मागच्या आठवड्यात एका वाचनालयातून बोलावणं आलं. बसूनं तिथली मशिनं लावून दिली होती, आता बघायला कुणी नव्हतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "वरून सांगितलंय, कोण काय उघडतंय त्याची नोंद ठेवा. ती कुठं दिसत नाही." मी सेटिंगची फाइल उघडली. वर आमच्या दुकानाचं नाव होतं, म्हणजे ती तिथलीच होती. तीच फाइल तो जाईल तिथं नेत असे. चार वर्षं आम्ही भागीदार होतो, पण ती फाइल मी कधी उघडली नव्हती. तो आहे म्हटल्यावर गरजच नव्हती. नोंदीची ओळ त्यानं बंद केली होती. तिच्या वर, मशिन वाचत नाही अशा जागी, त्यानं माणसासाठी एक ओळ लिहून ठेवली होती. रोमन अक्षरांत मराठी, शेजारी तारीख. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यातली ती तारीख होती. डाव्या हाताच्या एका बोटानं लिहिलेलं असणार.

'नोंद बंद. सुध्याला कुनी इचारलं तर त्याला खोटं बोलाय लागू नये.'

मी दोनदा वाचलं. कुणी विचारायचं तर मलाच विचारणार, कारण मशिनला सगळं कळतं असं मीच बोललो होतो. म्हणजे बसूला टपरीवरचं ठाऊक होतं. पहिल्यापासून. मला मारताना, माझा गळा धरताना, तळ्यावरून भिजलेल्या पँटनं चालताना, सगळा वेळ... आणि तरी आधी माझ्यासाठी ही ओळ लिहून झाली होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "करता का चालू?"

मी म्हणालो, "मला येत न्हाय." आणि बसूची फाइल होती तशीच बंद केली.