दावं सोडल्यावर
भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा वास आला की मला लातूरचं कोर्ट आठवतं. फोटोवरून देवणी जातीचं जनावर पारखणारं आमचं ॲप जोरात चाललं, तशी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सोबत शिकलेल्या माझ्या भागीदारानं केस केली, की ॲप त्यानं एकट्यानं बनवलं, म्हणून कंपनीही त्याचीच. माझे साक्षीदार होते बाबा. जन्मभर लोकांचे गोठे सांभाळलेले, त्या दिवशीही पेंड कालवूनच आलेले, हाताला तोच वास. समोरच्या वकिलानं हसत विचारलं, “सॉफ्टवेअर म्हणजे काय, माहीत आहे का?” “न्हाई साहेब. पर आमच्यात गाईवरून भांडण लागलं की दोघांना दोन बाजूला उभं करतेत अन् दावं सोडतेत. गाय जिकडं जाती, तो धनी.” न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला, देवणीतले वानेरा आणि शेवरा हे दोन प्रकार ॲप कशावरून ओळखतं? भागीदार म्हणाला, “लॅपटॉप उघडून सांगतो.” मी उभ्या उभ्या सांगितलं: वानेऱ्याचं फक्त तोंड काळं, शेवऱ्याच्या अंगभर काळे डाग, लहानपणी गोठ्यात बाबांनी दाखवलं, तेच मी ॲपला शिकवलं. निकाल पुढे रीतसर माझ्या बाजूनं लागला, आज कंपनी मीच चालवते. माझ्या लेखी मात्र तो त्याच दुपारी लागला होता, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाबा हळूच म्हणाले तेव्हा, “आली बघा गाय घरी.”