श्वासबाईला मिळालेल्या टाळ्या

तोंडात बोट घालायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही. शिवणकाम करते मी, आणि आख्ख्या इमारतीची मापं माझ्याकडे आहेत. कुणाची कंबर कधी वाढली, कुणाचा खांदा एका बाजूला झुकतो, कुणाला नवऱ्यापासून लपवायला चोरखिसा हवा, सगळं मला ठाऊक. माप घेताना माणूस हात वर करून उभं राहतं, आणि हात वर गेले की जीभ आपोआप सुटते. पोलिसांनी उगीच लाठी बाळगू नये, माझा टेप घेऊन जावा. अशा मला माझ्या सख्ख्या शेजारणीनं भर सभागृहात असा हादरा दिला, की परत येऊन मी दुकान उघडलं आणि सुईत दोरा ओवायचं विसरून तशीच मशीन चालवत बसले.

या शेजारणीला नाव आहे, पण चिकटलं ते मी ठेवलेलंच. श्वासबाई. जिन्यात कुणी घाबरून ओरडलं, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचं पोरगं नापास झालं, की ही समोर हजर. "आधी श्वास घ्या. आता सोडा." एकदा तर आमच्या घरमालकाला म्हणाली. तो भाडं वाढवायला आला होता. श्वास घेता घेता भाडं सांगायचंच विसरला बिचारा. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, पंखे आणि रेडिओ दुरुस्त करतात. ते इतकं कमी बोलतात, की बिघडलेला रेडिओसुद्धा त्यांच्यापुढे वाचाळ वाटावा.

पूर्वी ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पूर आला, शाळेत माणसं आणून ठेवली, आणि हिला ब्लँकेटं वाटायचं काम दिलं. ब्लँकेट घेतलं तरी माणसं हलेनात. तिथंच उभी राहून बोलत राहिली. ही ऐकत राहिली. रांग रस्त्यापर्यंत गेली आणि मुख्याध्यापक डोकं धरून बसले. त्या पुरातून तिला एका मदतसंस्थेत ही दुसरी नोकरी लागली. भूकंप, पूर, आग, जिथं काही होईल तिथं मदतीला जी माणसं धावतात, त्यांना ही शिकवते. वाचलेल्या माणसाशी कसं बोलायचं, कधी गप्प बसायचं, आणि स्वतःचं डोकं कसं ठिकाणावर ठेवायचं. वेळेवर जेवा, पाळीपाळीनं झोपा, सुट्टी मागायला लाजू नका. या शेवटच्या धड्यावर मी तिला नेहमी टोचायचे.

"आणि तू सुट्टी कधी घेतलीस गं?"

"मी सुट्टीवरच असते. तुझी बडबड ऐकते, हा काय कामाचा भाग आहे?"

तिची एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. ती घरात झोपत नसे. गच्चीवर चटई टाकायची, आणि थंडी पडली की गॅलरीत. इमारतीत यावर तर्कांचा बाजार भरला होता. भावोजी घोरतात, हा सगळ्यांत सभ्य तर्क. बाकीचे माझे होते.

तिच्या वर्गात मी शिरले कशी, तेही सांगते. सरावाला त्यांना खोटी दुःखी माणसं लागतात. एकानं 'घर गमावलेली बाई' व्हायचं, दुसऱ्यानं तिच्याशी बोलायचं, बाकीच्यांनी बघायचं. कर्मचारी एकमेकांसमोर रडायला लाजतात. श्वासबाई म्हणाली, "तू येशील का? तुला नाटकं छान जमतात." कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही. गेले.

एरवी वर्ग त्यांच्या कचेरीच्या अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली भरायचा. हवा चांगली असते, असं ती म्हणायची. त्या दिवशी अंगणात पाण्याची पाइप टाकायला खणून ठेवलं होतं, म्हणून सगळ्यांना आतल्या सभागृहात नेलं. उंच छत, मधोमध दोन खुर्च्या, भोवती कर्मचारी. श्वासबाई दरवाजाच्या चौकटीला पाठ लावून उभी. तिथूनच शिकवत होती. मी म्हटलं, "आत ये की, माशा मारायला उभी आहेस का?" ती हसली, पण आली नाही.

पहिला डाव माझा. मी अशी रडले, की खिडकीतली पाखरं उडाली. समोर एक नवीन मुलगी होती, कालपरवाच रुजू झालेली. तिनं माझा हात धरून सांगितलं, "काकू, रडू नका, सगळं ठीक होईल."

श्वासबाईनं दरवाजातून विचारलं, "तुला कसं माहीत, ठीक होईल?"

मुलीचा चेहरा पडला. मग एक जण आला, तो म्हणाला, निदान तुमची मुलं तर वाचली. मी म्हटलं, "अरे, मी आत्ताच तीन मुलं मारली आहेत, ऐकत नव्हतास का?" सगळे खो खो हसले. दर डावानंतर एक नियम होता. खेळणाऱ्यानं खुर्चीवरून उठायचं, अंगावरून हात झटकायचे, स्वतःचं खरं नाव मोठ्यानं सांगायचं आणि आज घरी जाऊन काय करणार तेही सांगायचं. नाहीतर खोटं दुःख अंगाला चिकटून घरी येतं म्हणे. मी सांगायचे, घरी जाऊन पाय वर करून पडणार.

मग गाडीवर असतो तो चालक बोलला. सगळे त्याला दादा म्हणतात. मोठा थोराड माणूस, आवाज अगदी हलका.

"ताई, राग मानू नका, पण एवढं कुणी रडत नाही. मी जी माणसं गाडीतून आणली, ती गप्प असतात. गप्प माणसाचं काय करायचं ते दाखवा."

"मला गप्प बसता येत नाही," मी म्हटलं, "जन्मजात दोष आहे."

कचेरीचे साहेब मागं बसले होते. ते म्हणाले, "बाई, मग तुम्हीच बसा की खुर्चीवर. दादा समोर बसतील." दुसऱ्या दिवशी पहाटे श्वासबाई नव्या मदतछावणीवर निघणार होती, सगळ्या तुकडीची प्रमुख म्हणून. साहेबांना वाटलं, जाण्याआधी सगळ्यांना एक छान नमुना बघायला मिळेल.

श्वासबाईनं छताकडं पाहिलं. मग चालत आली आणि बसली.

बराच वेळ ती काही बोललीच नाही. दादाही बोलले नाहीत, नुसते बसले, हात मांडीवर ठेवून. शेवटी ते म्हणाले, "मी इथंच आहे. बोलायचं नसेल तरी चालेल."

"ती बाहेर बसली होती," श्वासबाई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "पोरगी थंडीनं काकडत होती. मी म्हटलं, आत जा. शाळेची इमारत इंजिनियरनं तपासलीय, चांगली आहे. ती म्हणाली, बाई, मला आत भीती वाटते. मी म्हटलं, श्वास घे. मी तिच्यासोबत श्वास घेतला. मग ती गेली आत. मी हातानं दरवाजा लोटला, वारा येऊ नये म्हणून."

श्वासबाईनं परत एकदा छताकडं पाहिलं.

"मग जमीन परत हलली."

दादांनी काही विचारलं नाही.

"पोरीनं हिरवा फ्रॉक घातला होता. नवा. दोन्ही बाजूंना खिसे. तिला खडे गोळा करायचे असायचे ना, म्हणून दोन लागायचे."

तो फ्रॉक मी शिवला होता. दोन वर्षांपूर्वी श्वासबाईनं भूकंपाच्या छावणीवरून फोन करून माप सांगितलं होतं, छोटंसं माप. दोन खिसे हवेत, मोठे, असं बजावलं होतं. मी हिरवं कापड निवडलं, फ्रॉक शिवला आणि त्यांच्या गाडीबरोबर पाठवून दिला. ती परत आल्यावर मी विचारलं, "बसला का गं नीट?" ती म्हणाली, "छान बसला." आणि चटई घेऊन गच्चीवर गेली.

साहेबांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. नवीन मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, ती शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, "काय अभिनय केला ना!" साहेब उठून म्हणाले, "वा! असा जिवंत नमुना मी आजवर पाहिला नाही. बघा, गप्प माणूस कसा हळूहळू उघडतो. चला बाई, आता नियम. उठा, नाव सांगा."

मी ओरडले, "अहो थांबा, हे खरं आहे!"

आणि सभागृह हसलं. सकाळपासून मी हसवत होते ना. कुणीतरी म्हणालं, "काकू, तुमचा डाव संपला." मी दोन्ही हात वर करून थांबवत होते आणि लोक पोट धरून हसत होते. आयुष्यभर लोकांना हसवलं, पण इतकं भयंकर हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

श्वासबाई उठली. हात झटकले. नाव सांगायला तोंड उघडलं, आणि नाव आलंच नाही. तशीच दरवाजाकडं चालत गेली. साहेबांनी जाहीर केलं, चहाची सुट्टी. दादा तेवढे आपल्या खुर्चीवरच बसून राहिले. त्यांनी टाळी वाजवली नव्हती.

मी तिला खणलेल्या अंगणात गाठलं. मातीच्या ढिगावर बसली होती.

"तोंड बंद ठेव," ती म्हणाली. "आयुष्यात एकदा तरी."

"तू उद्या जाणार आहेस?"

"तिथं सगळे नवीन आहेत. मी नाही गेले तर त्यांना कोण सांगणार काय करायचं ते?"

"आणि तिथं छताखाली तू झोपणार कशी?"

तिनं मातीचं एक ढेकूळ उचलून चरात टाकलं. मग म्हणाली, "मी गेले नाही, तर त्याचा अर्थ काय होतो, कळतं का तुला? की तिला मी आत पाठवलं आणि मग घाबरून पळाले."

मी एवढंच म्हटलं, "हे बघ, मी साहेबांना सांगणार आहे. पाठीमागून सांगणार नाही, म्हणून तुला आधी सांगतेय."

"सांग. मग माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

घरी गेल्यावर मी शेजारची कडी वाजवली आणि भावोजींनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. रात्री ती गच्चीवर त्या पोरीशी बोलते. तिला वाटतं, मी झोपलेला असतो." भावोजींच्या तोंडून इतकी लांब वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. ते पुढं म्हणाले, "तुम्ही सांगू नका. तिला सांगू द्या. सकाळपर्यंत थांबा." मी थांबले. गोष्ट पोटात ठेवून झोपायची सवय नाही मला, पोट दुखतं.

पहाटे गाडी दाराशी लागली. श्वासबाई बॅग घेऊन खाली आली, भावोजी मागं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दादांनी बॅग घेतली, पण गाडीत ठेवली नाही. हातात धरून उभे राहिले.

"ताई, काल तुम्ही बोललात, त्यावर मी काहीच बोललो नाही. घाई करायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत. आज विचारतो. तुम्हाला आत्ता काय हवंय?"

तिनं दादांच्या हातातल्या बॅगेकडं पाहिलं.

"बसायचंय," ती म्हणाली.

"गाडीत?"

"नाही."

आणि ती आमच्या इमारतीच्या पायरीवर बसली. दादांनी गाडी बंद केली. फोन लावून साहेबांना उठवलं आणि फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "साहेब, मी जात नाहीये. कालचं खरं होतं." पलीकडून साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "बाई, आम्ही टाळ्या वाजवल्या हो." ती म्हणाली, "हो. जोरात."

छावणीवर दुसरी प्रमुख गेली, शेजारच्या शहरातून आणलेली. सुरुवातीला तिथं गोंधळ झाला, असं दादा सांगतात. श्वासबाईला त्याचा त्रास झाला, आणि अजून होतो. ती आता मनावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं जाते. सोबत मी असते. बाहेर बाकावर बसते आणि आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येऊ नये म्हणून हातशिवण घेऊन बसते. ही शिक्षा माझ्यासारखीला किती मोठी, ते मला ओळखणारे जाणतात. गॅलरीतली चटई अजून गॅलरीतच आहे. सभागृहातले वर्ग बंद झाले, मांडव परत उभा राहिला.

पहिले काही आठवडे ती माझ्याशी तुटक बोलायची. मी जिन्यात दिसले की श्वास घ्यायची आणि सोडायची नाही. मग एकदा डॉक्टरीणबाईंकडून बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली.

"तुला काही विचारायचं नाहीये का गं?"

"नाही."

"जीभ झडली की काय?"

"शिकतेय," मी म्हटलं. "शिकवणी महाग पडली."

ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, तोंड उघडून. हे सगळं लिहिलंस तरी चालेल, असं तिनंच मला तिथं सांगितलं, फक्त तिला बिचारी करायची नाही, या अटीवर. मग माझ्या मांडीवरचं कापड दोन बोटांनी चाचपत तिनं मला त्या पोरीचं नाव सांगितलं.

ते काही मी इथं लिहिणार नाही.