सुलभाताईंचं मस्कत

सिंगापूरला आमच्या बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, जेवण झालं की ट्रे आपणच उचलून रॅकवर ठेवायचा, असा नियम आहे. सुलभाताई नुसता ट्रे ठेवत नसत. पर्समधून टिश्यू काढून आधी ताट पुसत, वाटीत वाटी बसवत, चमचे एका दिशेला लावत आणि मगच उठत. रॅकपाशी काम करणारी चिनी आंटी आधी हसायची, मग वैतागायची. "नो नीड लाह," म्हणायची. ताई तिला शुद्ध मराठीत सांगत, "असू दे गं. आपलं उष्टं दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे जिवावर येतं." आंटीला काय कळायचं कोण जाणे, पण ट्रे ती घ्यायची.

तिथंच आमची ओळख झाली. मी सहावीत शाळा सोडलेली, फलटणजवळच्या गावातून मुलाकडे आलेली. निलेश ऑफिसला गेला की लिफ्टचं बटण दाबायलासुद्धा माझा हात धजत नसे. एकदा धीर करून खाली उतरले आणि रिकाम्या टेबलाशी काही न मागवता बसून राहिले. एक ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई समोर येऊन बसल्या. माझी नऊवारी बघून म्हणाल्या, "पोळीसारखं काही हवं असेल तर तो प्राटा घ्या. पण मस्कतला मिळायचा तसा नाही हं."

मस्कत हे नाव मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. पुढं इतकं ऐकलं की मी तिथंच जन्मले असं वाटायला लागलं. ताई पुण्याच्या, एम. ए. झालेल्या. यजमान होते तेव्हा त्यांच्या कंपनीनं दोघांना मस्कतच्या समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात चार दिवस ठेवलं होतं. तेवढ्या शिदोरीवर ताईंनी पुढची सगळी वर्षं काढली. कुणाकडे नवी गादी आली, की "मस्कतला असं नव्हतं." लिफ्टला वास आला, की "मस्कतच्या लिफ्टमध्ये ऊद जाळायचे." त्यांची नात कपाळाला हात लावायची. "आजी, अगेन मस्कत? कॅनॉट लाह." ताई म्हणायच्या, "तू गप बैस. मंदाबाईंना ऐकायचंय."

मला खरंच ऐकायचं असायचं. इंग्रजी पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारं, एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, सरकत्या जिन्याशी हात धरणारं दुसरं कोण होतं मला?

आणि मग निलेशचं लग्न ठरलं. मुलीचे आईवडील मराठीच, पण मस्कतला राहणारे. लग्न तिथल्याच एका पंचतारांकित हॉटेलात. मला आनंदापेक्षा धडकीच भरली. व्याही मोठे लोक, विहीणबाई कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्यासमोर माझ्याकडून काही वेडंवाकडं झालं, तर मान खाली जाणार ती माझ्या मुलाची. गावाकडून कुणाचं येणं जमत नव्हतं. निलेश म्हणाला, "आई, सुलभाताईंना बरोबर ने."

ताईंनी लगेच माझी शाळा सुरू केली. स्वतःच्या पलंगावर चादर गादीखाली गच्च खोचून म्हणाल्या, "ही ओढून काढायची नाही. वरून अलगद आत सरकायचं, पाकिटात पत्र घालतात तसं." थालीपीठ काट्या-चमच्यानं खायला लावलं. "नो, थँक यू" शंभरदा म्हणून घेतलं. मी विचारलं, "आणि जेवायचं असेल तर?" त्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, "तर नुसतं हसायचं."

शेवटचा धडा मात्र मी अजून विसरले नाही. "मंदे, भीती वाटली की हळू चालायचं. घाबरलेला माणूस धावतो. हळू चालणाऱ्याला लोक श्रीमंत समजतात."

हॉटेलच्या दारातच मला तो धडा आठवला. मी इतकी हळू चालले, की सामान नेणारा माणूस दोनदा परत आला. खोलीच्या खिडकीतून समुद्र, त्याच्या कडेला पांढऱ्या घरांची रांग आणि काळ्या खडकावर एक जुना किल्ला. ताई खिडकीशी उभ्या राहून किल्ला ओळखीचा असल्यासारख्या मान हलवत होत्या. दुपार टळली होती, पोटात काही नव्हतं. ताईंनी ऐटीत फोन करून व्हेज बिर्याणी मागवली. चकचकीत झाकणांखाली ती आली. आणणाऱ्यानं सांगितलं, जेवून झालं की ट्रे दाराबाहेर ठेवा.

बिर्याणी संपली. मी ट्रे उचलला, तर ताई दारात आडव्या. "खरकटं? दाराबाहेर? अगं, लग्नाला आलोय आपण. येणारे-जाणारे काय म्हणतील?"

"ताई, मागच्या वेळी काय केलं होतं?"

त्या जरा घुटमळल्या. "मागच्या वेळी आम्ही खोलीत काही मागवलंच नाही. ह्यांना बाहेरचं चालत नसे. मी दशम्या नेल्या होत्या."

चार दिवस दशम्या. मी ट्रे खाली ठेवला. ताईंनी हॉटेलच्या शॅम्पूनं बेसिनमध्ये ताटं घासली, पांढऱ्याशुभ्र टॉवेलनं पुसली, वर झाकणं ठेवली आणि ट्रे बाहेर ठेवून आल्या.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात पांढरा पायघोळ झगा आणि नक्षीची टोपी घातलेले मॅनेजर, हातात फळांची मोठी टोपली. मागं विहीणबाई, धापा टाकत. झाकणं उचलल्यावर कोरी ताटं निघाली होती. हॉटेलवाल्यांना वाटलं, स्वयंपाकघरातून रिकामीच पाठवली. खोली व्याह्यांच्या नावावर, म्हणून त्यांना फोन गेला होता.

"तुम्ही अजून उपाशी आहात?" विहीणबाईंनी आत येत विचारलं. "पहिल्याच दिवशी मुलाच्या आईला रिकामं ताट... मी निलेशला काय तोंड दाखवू?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या किल्ल्याकडे बघत होत्या. विहीणबाईंकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, या माझ्याहून जास्त घाबरल्यात. शिकलेल्या बाईलाही असं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी हळू चालत न्हाणीघरात गेले आणि टॉवेल घेऊन आले. हळदीनं पिवळाधमक झालेला.

"आम्ही जेवलो पोटभर," मी म्हटलं. "ताटं आम्ही धुतली. उष्टं बाहेर ठेवायला मन होईना."

विहीणबाईंनी टॉवेल हातात घेतला, वास घेतला आणि पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "माझी आई आली होती ना, तिनं या हॉटेलचं बेसिनसुद्धा घासलं होतं," त्या म्हणाल्या. मॅनेजरना त्यांनी इंग्रजीत समजावलं. मॅनेजरनी टॉवेलकडे पाहिलं, छातीवर हात ठेवून मान लववली आणि काहीतरी विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, "विचारताहेत, आणखी बिर्याणी पाठवू का?"

मी नुसती हसले. बिर्याणी आली. आम्ही तिघींनी मिळून खाल्ली, आणि बेसिनशी विहीणबाई टॉवेल धरून उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर ताईंना कंठ फुटला. "मस्कतला काय असतं, मंदे..."

"ताई, आपण मस्कतलाच आहोत."

त्या पुन्हा किल्ल्याकडे बघायला लागल्या. 

पुढं त्यांच्या मुलाची बदली झाली आणि ताई पुण्याला गेल्या, त्या कायमच्याच. मी एकटीनं लिफ्टनं उतरते, प्राटा घेते. मधे फोनवर त्यांची सून हसत सांगत होती, नव्या सोसायटीत ताईंनी सगळ्यांना जेरीस आणलंय. लिफ्ट बंद पडली, पाणी गेलं, की त्यांचं एकच, "सिंगापूरला असं नव्हतं."

काल रॅकवाल्या आंटीनं विचारलं, "युवर फ्रेंड व्हेअर?" मी म्हटलं, "गो होम." तिनं हात पुढं केला. मी म्हटलं, "वेट," आणि पर्समधून टिश्यू काढला. ती माझं ताट पुसून होईपर्यंत हात तसाच धरून उभी राहिली.