अर्चनानं आनलेली मशीन

माही धाकटी जाऊ अर्चना सावरगावची, म्हंजे जाम नदीच्या पल्याडची. आमचं घर अल्याड, पांढुर्ण्यात. मधात पूल आहे, चालत गेलं तरी माहेर जवळ. पन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो पूल असून नसल्यासारखा. त्या दिवशी गोटमार. नदीच्या मधात पळसाचं झाड गाडतात, त्याले झेंडा बांधतात, अन् दोन्हीकडचे लोक एकमेकांवर गोटे हानतात. झेंडा ज्यानं तोडला त्याचं गाव जितलं. अन् एक रिवाज पक्का, गोटा कोनाचा लागला हे कोनी इचारत नाही. मले तर या रिवाजाची अशी चीड येते! दुखनं घरी घेऊन या अन् तोंड शिवून बसा.

मागच्या वर्षी अर्चनाच्या भावाचा, श्रीधरचा, डावा डोळा गेला. अर्चनाचा नवरा वीरेंद्र, म्हंजे माहा दीर, त्या टायमाले बरोबर समोरच्या काठावर होता. श्रीधर नागपूरच्या दवाखान्यात पडला, पन हा पाहाले गेला नाही. तेव्हापासून दोघायचं बोलनं बंद. अर्चनानं ना नवऱ्याले काही इचारलं, ना भावाले. दिवसभर खाली मान घालून लोकायचे ब्लाउज शिवे. बिचारी वाळून काडी झाली.

अन् हे दोघं का परके होते? सौंसरच्या कॉलेजात जोडीनंच राहत. कॉलेज कमी, बसस्टँडामागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जास्त. दोघायनं मिळून दुश्मन मारायचा एक गेम होता, त्याच्या पायी जेवन इसरत. त्या दोस्तीतूनच श्रीधरनं आपली बहीन याले देली.

यंदा आखाडीच्या सणाले श्रीधरनं सांगून टाकलं, मी गोटमारीले नदीत उतरतो. एका डोळ्यानं! डावीकडून आलेला गोटा त्याले दिसनार तरी कसा?

अर्चना मले म्हने, "ताई, यंदा दादा मरते. अन् मले भेव याचं वाटते, की यायच्याच हातून मरते."

मी तिच्या हातातलं ब्लाउज काढून बाजूले ठेवलं.

मंग एक दिवस म्हने, "चला, नागपूरले जाऊ, गेमची मशीन आनाची आहे." मी म्हनलं, "बाप्पा! दोन घोडे बापे डब्ब्यापुढं बसतात का? डोकं फिरलं तुहं." पन गेली तिच्यासंग.

कोन कुठून खेळनार हे इचारून दुकानदारानं दोन मशिनी काढल्या. दोन्ही जुन्या, अगोदरच खोलून आत चिप बसवलेल्या. म्हने, चिप नसली तर मशीन फक्त कंपनीची सीडी घेते, कॉपी केलेली घेत नाही. अन् अर्चनाले पाहिजे होता तो गेम आता कॉपीवरच मिळते. त्यानं झाकन काढून दाखवलं. नखाएवढा तुकडा, त्याले केसासारख्या तारा डाकलेल्या.

"ताई, ही साधी चिप घेऊ नका," तो म्हने. "कधी कधी सीडी उचलत नाही. ही दुसरी पाहा. हिची चिप बंद करता येते, मंग कंपनीचा नवा गेम लावून मशीन नेटवर जाते. एक जन पांढुर्ण्यात, एक सावरगावात, आपापल्या घरून खेळतात."

"मले तेच नाही पाहिजे," अर्चना म्हने. "एका खोलीत, एका टीव्हीपुढं बसले पाहिजे दोघं. नेटवर जातच नाही ती द्या."

"गॅरंटी नाही बरं तिची."

"नसू द्या."

दुकानदार माह्याकडे पाहून हसला. मले हसू आलं नाही.

पोळ्याच्या जेवनाले तिनं भावाले बोलावलं अन् रात्री जाऊच देलं नाही. सकाळी उठल्याबरोबर मशीन लावली. सीडी घरघरली अन् बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. पलंगावरून श्रीधर म्हनला, "तशी नाही बावा, पुसून लाव." तिकडून वीरेंद्र काही न बोलता आला, सीडी सदऱ्याले पुसली अन् टाकली. गेम सुरू झाला. दोघायच्या हाती तिनं रिमोट देले.

श्रीधर लगेच मेला. पुन्हा मेला. जे येत होतं ते डावीकडून, अन् त्याले मान वळवेपर्यंत उशीर होऊन जाय. वीरेंद्र टीव्हीकडे पाहे, मंग त्याच्या त्या बुजलेल्या डोळ्याकडे पाहे. अचानक वरडला, "डावीकडून, श्रीधर! डावीकडून आला!"

श्रीधर वाचला. पोळीचं पीठ भिजवता भिजवता मी थांबली. वर्षभरात पहिला शब्द होता तो.

नदीकडून ढोल वाजाले लागले. शेजारचा हेमराज दारात आला, "वीरेंद्र, चाल बे! झेंडा उभाच आहे अजून." वीरेंद्र उठला. त्याचं आंगच ते, ढोल वाजला की उठते. अर्चना चौकटीत उभी होती.

"जा ना," श्रीधर टीव्हीवरची नजर न काढता म्हनला. "मंग मीही जातो. इथं माही डावी बाजू पाहाले कोन आहे?"

हेमराजनं अजून एक हाक मारली. वीरेंद्रनं हातानंच त्याले जा म्हनून सांगतलं. मंग तो श्रीधरच्या डाव्या अंगाले येऊन बसला, अगदी खेटून. रिमोट उचलला, पन बोट चालेना त्याचं.

"श्रीधर," तो म्हनला, "तो गोटा..."

"तुले कोनी इचारलं का?" श्रीधर म्हनला. "खेळ."

वीरेंद्र रडून राहिला होता अन् खेळून राहिला होता. अर्चना तिथंच भिंतीले टेकून खाली बसली, अन् पदर तोंडात धरून वर्षभराचं रडली.