तळीला एक हात कमी होता

सरळ सांगतो, हे लिहायला मला लाज वाटत होती. ज्या हाताने मी इतकी वर्षं पत्रकं लिहिली, प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या मांडल्या, त्याच हाताने देवाच्या कृपेबद्दल लिहायचं म्हणजे आमच्या गटातले मित्र हसणार. हसू देत. त्या दुपारी त्यांच्यातला एकही जण माझ्या दारात नव्हता. देव होता की नव्हता हे मी कुणाला पटवून देणार नाही. जे घडलं ते सांगतो. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, तेही सांगतो. ते गाळून नुसती कृपा सांगितली तर ती खोटी होईल.

मी वाशीमकडचा. पुण्यात शिकायला आलो आणि इथेच आयटीत चिकटलो. हिंजवडीला ऑफिस होतं तेव्हा आमचा कर्मचाऱ्यांचा एक छोटा गट होता. जादा तास, न सांगता काढून टाकणं, रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडणारी गाडी, असल्या विषयांवर मी पत्रकं लिहायचो आणि आम्ही ती सकाळी गेटवर वाटायचो. काही जण घेऊन तिथेच चुरगाळायचे, पण चुरगाळताना तरी त्यांचं तोंड दिसायचं. मग कंपनीने ते ऑफिसच बंद करून टाकलं. कायमचं घरून काम. बातमी अशी दिली की जणू दिवाळीची भेट. आता ट्रॅफिक नाही, आता कुटुंबाला वेळ द्या! ज्यांचं कुटुंब वाशीमला त्यांनी वारज्यातल्या फ्लॅटमधून कुणाला वेळ द्यायचा, हे मेलमध्ये नव्हतं. माझ्यापुरतं बोलायचं तर पत्रक वाटायला गेटच उरलं नाही. व्हॉट्सॲपवर टाकायचो, खाली अंगठे यायचे. एकदा कसबा पेठेत एका दुकानावरची खोली मागून घेतली आणि सभा ठेवली. 'नक्की येतो' म्हणणारे पुष्कळ होते. सभेला मी आणि सतरंजी.

रूममेट लग्न करून नागपूरला गेला आणि फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. एकटेपणा हळूहळू येतो, कळतसुद्धा नाही. आधी मला बरंच वाटलं. मग केव्हातरी लक्षात आलं की दिवसभरात आपण जे बोललो ते सगळं कामाचं होतं, आणि इंग्रजीत होतं. जेवण मागवायचो तेव्हा ॲपमध्ये मीच सूचना लिहून ठेवली होती, पिशवी दाराच्या कडीला अडकवा. म्हणजे तो एक माणूस येत होता, त्यालाही मीच परतवला होता. कंपनीला याची कल्पना होती, नव्हती असं नाही. एकटेपणावर उपाय म्हणून मेल यायचे. टेबल खिडकीजवळ ठेवा, एक झाड लावा, रोज एका माणसाशी बोला. मी टेबल खिडकीजवळ ठेवलं. समोरच्या इमारतीत खिडकीजवळ टेबल ठेवून बसलेला एक माणूस दिसायला लागला. त्यालाही तसलाच मेल आला असावा. आम्ही दोघांनी कधी हात केला नाही.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला मला ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणकायचं, हाडं कुणीतरी पिरगाळल्यासारखी. टीम लीडला रजा मागितली तर तो म्हणाला, "अरे, तू घरीच आहेस ना? झोपून लॉगइन कर. कॅमेरा बंद ठेव हवं तर." हे वाक्य जरा थांबून वाचा. ऑफिस होतं तेव्हा ताप आला की माणूस घरी जायचा. आता घरीच असल्यामुळे जायला जागा नाही. आजारपणाची रजा कुणी रद्द केली नाही, ती आपोआप संपली, आणि कुठल्याही परिपत्रकात तसा शब्द नाही. मी मोठा भांडकुदळ, पण त्या वेळी भांडलो नाही. गोळ्या घेत राहिलो आणि काम करत राहिलो. आई फोनवर विचारायची तेव्हा "मस्त आहे" म्हणायचो. ऑफिसच्या चॅटमध्ये नावाशेजारचा हिरवा ठिपका पेटलेला होता तोवर जगाच्या लेखी मी ठणठणीत होतो.

मग ताप उतरला. थर्मामीटर लावून पाहिलं, नॉर्मल. अशक्तपणा होता, पोटात दुखत होतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोखी यायची. पण ताप नाही म्हणजे बरा झालो, असा माझा हिशेब. त्या दिवशी दुपारी कंपनीचा वेबिनार होता, हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. विषय होता 'एकटेपणाशी मैत्री'. खोटं सांगत नाही. एक बाई पांढऱ्या सोफ्यावर बसून बोलत होत्या. "या क्षणी कसं वाटतंय ते एका शब्दात चॅटमध्ये लिहा," त्या म्हणाल्या. भराभर शब्द पडायला लागले, उत्साही, शांत, कृतज्ञ. मी 'फ्रेश' लिहिलं. त्यांनी माझं नाव घेऊन म्हटलं, "सुपर! आणि दिसताय पण फ्रेश." एवढ्यात दाराची बेल वाजली.

समोरच्या फ्लॅटमधल्या धुमाळकाकू. आमची दारं समोरासमोर, पण लिफ्टमध्ये "खाली?" "हो, खाली" यापलीकडे आमचं कधी बोलणं नव्हतं.

"अहो दादा, तुम्ही घरीच असता ना?"

पुन्हा तेच वाक्य. मी दात आवळून "हो" म्हटलं.

"आज चंपाषष्ठी. तळी भरायचीय आणि एक माणूस कमी पडतोय. आमचे दीर सासवडहून निघालेत, ते नवले पुलाला ट्रॅफिकमध्ये अडकून बसलेत. तिकडे नैवेद्याचे भरीत-रोडगे गार व्हायला लागले. पाच मिनिटं या."

"मी मीटिंगमध्ये आहे, काकू."

"मग बंद करून या ती."

"माझी आंघोळ नाही झाली."

"देव काय हुंगून बघतोय? तोंडावर पाणी मारा." मग त्यांची नजर माझ्या कॉलरच्या शर्टावरून खाली बर्मुड्यावर गेली. "आणि पँट घाला."

आमच्या घरी खंडोबा नाही, त्यामुळे तळी म्हणजे काय तेही मला माहीत नव्हतं. ताम्हनात भंडारा, म्हणजे हळद, खोबऱ्याचे तुकडे, विड्याची पानं, सुपारी. भोवती पुरुषांनी बसायचं, सगळ्यांनी मिळून ताम्हन खालून धरायचं आणि खंडोबाच्या नावाचा गजर करत तीनदा उचलायचं. माणसं विषम लागतात, पाच नाहीतर सात. धुमाळकाका, त्यांचे दोन मुलगे आणि जावई असे चार होते. पाचवा मी. कुणी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, तुमचा विश्वास आहे का तेही विचारलं नाही. डोक्यावर काहीतरी हवं म्हणून काकूंनी एक टॉवेल टाकला आणि मला बसवलं. मनात आलं, इथेही मी नुसता एक आकडाच. कडवट हसूही आलं असेल.

"बोला सदानंदाचा..." धुमाळकाकांनी आवाज दिला आणि "येळकोट!" असं चौघांनी उत्तर दिलं. "येळकोट येळकोट..." आणि माझ्या तोंडून "जय मल्हार!" निघालं. मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. घोषणा द्यायची मला सवय आहे. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उचलायची. गेट बंद झाल्यापासून मी हाक देत होतो आणि पलीकडून अंगठा येत होता. त्या दुपारी बऱ्याच काळाने माझ्या छातीतून पूर्ण आवाज निघाला आणि तो चार आवाजांमध्ये मिसळला, वेगळा राहिला नाही. मला रडू येणार असं वाटलं. याला भक्ती म्हणतात का मला माहीत नाही. मी त्यालाच भक्ती म्हणतो.

ताम्हन दुसऱ्यांदा उचललं तेव्हा माझ्या बोटांवर धुमाळकाकांची बोटं आली. ते गजर करता करता थांबले.

"हात का एवढा गार तुमचा?"

"एसीत होतो," मी म्हटलं. माझ्या घरात एसी नाही. असं का बोललो कुणास ठाऊक.

"गार नाही हो, बर्फ आहे हा. आणि घामाने भिजलाय." त्यांनी ताम्हनाखालचा माझा हात सोडवून घेतला, मनगट धरलं आणि जावयाला म्हणाले, "गाडी काढ." मी म्हणणार होतो की ताप गेलाय, मी बरा आहे, थर्मामीटर दाखवतो. पण भिंत तिरकी झाली. मला प्रकाश वगैरे काही दिसला नाही. हळदीने पिवळा झालेला त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर दिसला, तेवढाच.

डेंग्यू होता. जवळच्याच एका हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टर बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताप उतरला म्हणून खूश होता ना? या आजारात बऱ्याचदा तिथूनच धोका सुरू होतो. तुमचं प्रेशर पार तळाला गेलं होतं. संध्याकाळपर्यंत खोलीत एकटेच राहिला असता, तर आपण आज बोलत नसतो." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला भीती वाटायलाही वेळ लागला. मग वाटली. कॅमेऱ्यात मी फ्रेश दिसत होतो. थर्मामीटरमध्ये नॉर्मल होतो. माझ्या तब्येतीची खरी बातमी फक्त माझ्या हाताला होती, आणि तो हात कुणी धरावा असं माझ्या आयुष्यात एकही कारण शिल्लक नव्हतं. ते कारण देवाने शोधून काढलं. सासवडचा एक माणूस नवले पुलाला अडकवला, समोरच्या घरात एक जागा रिकामी केली आणि "घरीच असता ना" म्हणत एक बाई माझ्या दारात उभी केली. ज्या तीन शब्दांनी मला मरणाच्या दारात नेलं, त्याच तीन शब्दांनी मागे ओढलं. नवले पुलाला रोजच ट्रॅफिक असतो, त्यात देवाचं काय, असं कुणी म्हणेल. म्हणावं. मी वाद घालत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

पडून होतो तेव्हा फोन धरायलाही जोर नव्हता. धरला तेव्हा टीम लीडचे मेसेज होते. 'आहेस का?' 'ऑनलाइन दिसत नाहीयेस.' शेवटचा होता, 'तुझं काम दुसऱ्याला दिलंय, काळजी नको.' त्याला वाटलं तो धीर देतोय. पुढे एचआरच्या मॅडमचा फोन आला. माझी कहाणी प्रेरणादायी आहे, पुढच्या वेबिनारमध्ये सांगाल का? मी म्हटलं, सांगतो, त्याआधी घरून काम करणाऱ्याला आजारपणाची रजा नाकारता येणार नाही असं लेखी द्या. त्यांनी 'नोट केलंय' म्हटलं. अजून नोटच आहे. म्हणून ही कहाणी मी तिथे न सांगता इथे लिहितोय.

आई वाशीमहून निघून पोचेपर्यंत, संध्याकाळी तासभर घरी जाऊन आले तेवढं सोडून, धुमाळकाका माझ्यापाशी बसून होते. ते भोसरीला कारखान्यात होते, आता निवृत्त. म्हणाले, "आमच्याकडे मशीनवर माणूस दिसला नाही की शेजारचा संडासापर्यंत बघून यायचा. फोरमन शिव्या घालायचा, पण बघून यायचा." एका हाताला सलाईन लागलं होतं, दुसऱ्या हातात ग्लास धरायचा जोर नव्हता. ते चमच्याने पाजत होते. आयुष्यभर मी शरण जाणं हा शब्द फक्त 'जाऊ नका' याच्यासोबत लिहिलाय. त्या दिवशी मी नुसतं तोंड उघडलं. सोपं नव्हतं ते. परक्या माणसाच्या हातून पाणी पिताना माझी सगळी ऐट गळून पडली, आणि ऐट गेल्यावर जे उरलं त्याला जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर मी आणि आई पेढे घेऊन धुमाळांकडे गेलो. मनात एकच टोचणी होती. तळी तीनदा उचलायची, आणि माझ्यामुळे ती दोनदाच उचलली गेली. यांच्या घरचं वर्षाचं देवकार्य मी मोडलं. खरं सांगायचं तर आतून अशीही इच्छा होती की त्यांनी ताम्हन झाकून ठेवलं असेल, माझ्यासाठी.

"तळी अर्धीच राहिली का हो माझ्यामुळे?" मी विचारलं.

"अर्धी कशाला राहील?" काका म्हणाले. "भाऊ आला ना संध्याकाळी. पुन्हा पहिल्यापासून भरली."

माझं तोंड पडलं असावं, कारण काकू आईकडे बघून म्हणाल्या, "यांच्यासाठी देवाला उपाशी ठेवायचं होतं होय?"

आई हसली. मला आधी लागलं आणि मग मीही हसलो. माझ्यावाचून कंपनीचं अडलं नाही, देवाचंही अडलं नाही. पण एकाने ते कळवून माझा विषय संपवला, आणि दुसऱ्याच्या घरात मला त्याच दिवशीचा म्हणून जपून ठेवलेला खोबऱ्याचा प्रसाद मिळाला. मी खंडोबाचा झालो तो तेव्हा. त्याचे उपकार मी मानतो, दोन्ही हात जोडून मानतो. फक्त एक राग जात नाही, आणि तो जावा अशी प्रार्थनाही मी करत नाही. माणसाच्या दारावर माणसाने थाप मारावी, यासाठी देवाला एवढा खटाटोप का करावा लागावा?

निघताना काका म्हणाले, "पुढच्या वर्षी या बरं का तळीला."

"पण तुमचे भाऊ असतील ना? मग सहा होतील."

"होतील. म्हणून सातवा तुम्ही आणायचा," काका म्हणाले. "असेल की कुणीतरी, तुमच्यासारखाच कोंडून घेतलेला."

आहे. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक दार आहे. कडीला जेवणाची पिशवी लटकलेली असते आणि आतून एका मुलाचा आवाज येतो. दिवसभर तो इंग्रजीत कुणाची तरी माफी मागत असतो. त्याचं नाव मला माहीत नाही. चंपाषष्ठीला अजून खूप अवकाश आहे, पण तोवर थांबायचं कारण नाही. उद्या दुपारी मी त्याची बेल वाजवणार आहे.