वरच्या वस्तीच्या तीन विहिरी

नकाशावर कोणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं. घामाचा डाग पडतो आणि मग वरचे साहेब विचारतात, मॅडम, इथे तळं कुठून आलं? बरीच वर्षं मी हेच काम करते आहे. गावाची माती, उतार, ओढे, विहिरी यांचे नकाशे करायचे, उपग्रहाचं चित्र आणि गावकऱ्यांचं सांगणं एकावर एक ठेवून बघायचं, आणि पाणी कुठे अडवावं, विहीर कुठे खणावी याचा आराखडा गावापुढे मांडायचा. घर सीमेपलीकडे, तेलुगू मुलखातल्या मावल्यात. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, ठेकेदारांशी हिंदी. नाकावर राग आणि पिशवीत टेप, असं ऑफिसात माझ्याबद्दल बोलतात. खोटं बोलत नाहीत.

तर मे महिन्यातल्या त्या दुपारी, नेरडीगोंड्याकडच्या एका गावाच्या ग्रामसभेत, एक बाई गर्दीतून सरळ पुढे आली आणि भिंतीवर लावलेल्या माझ्या नकाशावर तिने बोट टेकवलं. माझ्याच वयाची, नाकात चमकी, पदर कमरेला खोचलेला. बोट नेमकं वरच्या वस्तीवर होतं. तिथे मी तीन निळे ठिपके दिले होते.

"म्याडम, ह्या तीन इहिरी तुमी पाह्यल्या काय?"

मी पाहिल्या नव्हत्या. पण ते कबूल करायची ती वेळ नव्हती, असं मला वाटलं.

त्या गावाला त्या वर्षी एकच सरकारी विहीर मंजूर झाली होती. घरोघरी नळ आहेत, पण उन्हाळ्यात नळाचं पाणी दम तोडतं. मग माणसं विहिरीवर येतात. नियम सोपा होता. ज्या वस्तीत पाण्याच्या विहिरी कमी, तिथे नवी खणायची. खालच्या गल्लीत पाण्याची विहीर एकच, तीही अर्धी. वरच्या वस्तीत, माझ्या तक्त्याप्रमाणे, तीन. म्हणजे विहीर खालच्या गल्लीला. सरपंचांनी ठराव लिहून ठेवला होता, इंजिनिअरसाहेब लॅपटॉप उघडून बसले होते, आणि माझी सही झाली की पाचच्या आत सगळं ऑनलाइन चढवायचं होतं. पाचनंतर ते पान बंद होऊन विहिरीचा पैसा परत जाणार होता.

आता ते तीन ठिपके आले कुठून, ते सांगते. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही मारुतीच्या देवळापुढच्या अंगणात गावाचा नकाशा काढला होता. हे आम्ही प्रत्येक गावात करतो. जमीन सारवायची, रांगोळी द्यायची आणि म्हणायचं, काढा तुमचं गाव. खालच्या गल्लीचा भाग पुरुषांनी काढला, चुन्याने, काठीने, भांडत भांडत. वरच्या वस्तीचा भाग तिथल्या बायांनी काढला. किती सुरेख काढला होता! बांधाची रेघ, मोहाची झाडं, गोठे, आणि तीन गोल विहिरी, त्यांत काठोकाठ निळा रंग. मी फोटो घेतले. मग खालच्या प्रत्येक विहिरीत टेप सोडून पाणी मोजलं. वरची वस्ती चढावर, जीप तिथवर जात नाही, ऊन मी म्हणत होतं. मी उपग्रहाचं चित्र उघडलं. सगळं शिवार करपलेलं, आणि वरच्या वस्तीभोवती हिरवा पट्टा. रांगोळीत निळं, चित्रात हिरवं. दोन साक्षीदार जुळले म्हटल्यावर तिसरा कशाला, असं स्वतःला समजावून मी जीपमध्ये बसले आणि ताक प्यायले.

म्हणून त्या बाईने सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मला राग आला. चूक आपली असली की मला जरा जास्तच येतो.

"ताई, निळा रंग तुम्हीच भरला ना?" मी आवाज चढवला. "फोटो आहे माझ्याकडे. आता विहीर दुसरीकडे चालली म्हणून निळ्याचं कोरडं झालं का?"

मागे कोणीतरी हसलं. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलाने काहीतरी वेडगळ विचारावं तसं.

"कोरडी इहीर कोन काढते, म्याडम? रांगोळीत? मारुतीपुढं?"

एवढंच म्हणाली. तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघीतिघींनी माना हलवल्या. एकीने तर पदर तोंडाला लावला, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते.

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. इंजिनिअरसाहेब आंध्राकडचे, त्यांना यातलं काही कळलं नसतं तर समजू शकते. पण मी? माझ्या घरी आजही तांदूळ संपले म्हणत नाहीत. देवापुढच्या रांगोळीत माझी आई साधा कलश काढते, तर तोही रिकामा ठेवत नाही. कोरडी विहीर देवाच्या दारात काढायची म्हणजे देवाकडे ती तशीच राहू दे म्हणून मागायचं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी त्यांच्या हातात रांगोळी दिली, देवळाच्या अंगणात बसवलं आणि त्यांच्या रंगावरून पाण्याची पातळी वाचायला निघाले.

"मॅडम, डेटा पक्का है ना?" साहेबांनी लॅपटॉपवरून मान वर न करता, सभेत बोलतात त्या हिंदीत विचारलं.

घड्याळात पावणेतीन झाले होते. "मोजून येते," मी म्हटलं.

सरपंच खुर्चीतून उठलेच. "आता? म्याडम, काऊन लोकायचा टाइम खराब करून राह्यल्या? ठराव झाला, माणसं बसली हायेत."

खालच्या गल्लीतला एक शेतकरी, ज्याच्या दारातली विहीर मी स्वतः मोजली होती, मोठ्याने म्हणाला, "आमच्या इहिरीत टेप टाकला तवा वरच्या इहिरी पळून गेल्या व्हत्या काय?" यावर मात्र सगळे हसले. मी टेप घेतली आणि चालू लागले.

चढ काही फार नाही, पण वळणांचा, आणि पायाखाली सुटा मुरूम. चमकीवाली पुढे, मी मागे. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, तिन्हींपैकी दोन विहिरींत तरी पाणी असू दे. मी खरोखर देवाचा धावा करत होते. पण वस्तीसाठी नाही. दोन विहिरी निघाल्या असत्या तर माझा तक्ता तरला असता, माझी सही तरली असती. हे आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही, तेव्हा फक्त भीती वाटत होती.

पहिल्या विहिरीत टेप सोडली. टोकाचं वजन जात राहिलं, जात राहिलं आणि दगडावर वाजलं. मी वर ओढलं, पुन्हा सोडलं. पुन्हा दगड.

दुसरीत वजनाला वाळलेला पाला लागून आला.

तिसरीकडे जाताना माझे पाय भरभर पडत होते. ही मोहाच्या झाडांखाली होती. तोच माझा हिरवा पट्टा. मोह भर उन्हाळ्यात पालवतो, त्याची मुळं कुठवर जातात कोण जाणे, आणि मी त्या पालवीला ओलावा समजून बसले होते. वजन मऊ कशात तरी रुतलं. माझा जीव भांड्यात पडला. वर ओढलं तर बोटभर चिखल होता. पाणी नव्हतं.

"मग पिता काय?" मी विचारलं.

तिने ओढ्याकडे हात केला. कोरड्या ओढ्यात वाळू उकरून केलेला एक झिरा होता, गुडघाभर खोल. एक म्हातारी त्याच्या काठाशी बसून वाटीने पाणी गुंडात, म्हणजे घागरीत, घालत होती. एक वाटी घातली की थांबायची, पाणी पाझरायची वाट बघायची, मग दुसरी. आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात तिच्या पाच वाट्याही झाल्या नाहीत.

मी फोटो काढले. दोन फोटो हलले, पुन्हा काढले. खाली पोचलो तेव्हा साडेचार होत आले होते.

ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. वरच्या वस्तीत पाण्याची विहीर एकही नाही. मी वर गेले नव्हते. तक्ता चुकला आहे, आणि चूक माझी आहे. इतक्या लोकांसमोर असं बोलायची माझी पहिलीच वेळ होती.

मग साहेबांनी घड्याळ बघितलं. "नया टेबल मतलब नया ठराव, मॅडम. सरपंचजी साइन करेंगे तो ही."

सरपंच हट्टी होते, पण वाईट नव्हते. डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं. "म्याडम, खाली बी लेकरं हायेत. मी त्यायले जबान देल्ली. आता मी कोन्या तोंडानं नवा ठराव लिवू? मी सही करनार नाई." आणि टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळत, "तुमी बी नका करू मंग. जाऊ द्या पैसा वापस. कोनालेच नको."

दहा मिनिटं उरली. जुना ठराव माझ्यापुढे होता. सही केली तर मी खोट्यावर सही करणार. नाही केली तर त्या वर्षी गावात विहीरच नाही. खालची गल्ली माझ्याकडे बघत होती, साहेब माझ्याकडे बघत होते. मी पेन उघडत होते, बंद करत होते. शेवटी मी चमकीवालीकडे बघितलं. तिच्यावर भार टाकायचा मला काय हक्क होता? पण बघितलं खरं.

"करा सही," ती म्हणाली. "खाली तरी पानी लागू द्या. झिऱ्यापरीस बरं. आमी उतरून येऊ."

मी खाली वाकले, तर तिने कागदावर हात ठेवला.

"थांबा. तुमी लिवलेलं हे लोक खरं धरतेत ना? तुमी न पाह्यलेल्या तीन इहिरी बी खऱ्या धरल्या. मंग हे बी लिवा. वरच्या वस्तीची बाई त्या इहिरीवर आली त तिचा गुंड कोनी सरकवनार नाई. तिचा नंबर मागं लावनार नाई."

मी ठरावाखाली तिच्याच शब्दांत ओळ लिहिली. मोठ्याने वाचली. सरपंचांनी त्या ओळीपुढे सही केली, आणि मघाशी मला टोमणा मारणाऱ्या त्या शेतकऱ्याने न सांगता साक्षीदार म्हणून त्याखाली आपलं नाव घातलं. मग मी सही केली आणि साहेबांनी ओळीसकट पान चढवलं. पाचला तीन मिनिटं कमी होती.

खालच्या गल्लीतल्या नव्या विहिरीला पाणी लागलं. चांगलं लागलं. त्या ओळीवरून आजवर कोणी भांडलं नाही, असं सरपंच सांगतात. वरच्या वस्तीसाठी मी दोनदा अर्ज लिहिले. ऑफिसातून उत्तर येतं की नोंदीप्रमाणे तिथे तीन विहिरी आहेत.

या उन्हाळ्यात गेले तेव्हा ती दोन गुंड घेऊन चढाच्या पायथ्याशी उभी होती, चुंबळ नीट करत. एक मी घेते म्हटलं. "राहू द्या, म्याडम, तुमाले सवय नाई." मी ऐकलं नाही, डोक्यावर घेतला. पहिल्या वळणावर मान लुळी पडली आणि गुंड खाली ठेवावा लागला. तिने तो माझ्यापुढून उचलला, आपल्या डोक्यावरच्या पहिल्या गुंडावर चढवला आणि वर निघून गेली.