लाल रेघेखालचं पाणी

आमच्या टेकडीला पाणी पाजण्याचं काम एक बाई करायची. नवरा पंपघरात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं. सगळे तिला पंपवहिनी म्हणायचे. माझं शिवणकामाचं दुकान पंपघराच्या समोरच, त्यामुळे तिची सात वर्षं मी सुईत दोरा ओवता ओवता पाहिली. बाई कमी बोलायची, पण बोलली की टाका पक्का. कुणी म्हणालं, "वहिनी, आज पाण्याला जोर नाही," की म्हणायची, "जोर माझ्यातही नाही, तरी येतेच ना कामावर?"

घरी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली सासू आणि तिचं सगळं करणारी नणंद. तीन बायकांचं घर, दुसऱ्या ओळीत.

पंपघर आणि टाकी माथ्यावर, खाली उतारावर घरांच्या पाच ओळी, त्यांच्याखाली नुसतं गवत. त्या उन्हाळ्यात पारा सेहेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. गवत इतकं वाळलेलं, की कुत्रं चाललं तरी आवाज यायचा. दोन वर्षांपूर्वी वाऱ्याने तारा एकमेकींवर आपटून ठिणग्या पडल्या आणि शेजारची टेकडी जळाली होती. तेव्हापासून वारा सुटला की वीज कार्यालय आमची लाईट बंद करायचं. नियम बरोबरच होता. पण लाईट बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे टाकी भरणार नाही, आणि आग लागलीच तर बंबाला पाणी त्याच टाकीतून. जोडीला डिझेलचं इंजिन होतं, तेही दोन वर्षं बिघडून पडलेलं. वहिनीने चार अर्ज केले होते.

टाकीवर पातळी दाखवणारी पट्टी होती. चार फुटांवर लाल रेघ. त्याखालचं पाणी फक्त आगीसाठी.

या वेळी वारा तीन दिवस पडलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला पाणी रेघेला टेकलं. वहिनीने लांब दांड्याची चावी घातली आणि घरांकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद केला.

अर्ध्या तासात पंपघरासमोर चाळीस माणसं.

"आग लागेल तेव्हा लागेल, आम्ही आत्ता भाजून निघतोय त्याचं काय?" एकजण ओरडला.

"दोन दिवस पिंपं भरलीत ना, ती वापरा आधी," वहिनी म्हणाली.

"नवऱ्याच्या जागी बसली म्हणून टाकी काय सासरची झाली?"

त्या दिवसापासून टेकडी तिला पाण्यात पाहायला लागली असं म्हणतो आम्ही, पण तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं. मीही गर्दीतच होतो, आणि माझ्या घरी दोन पिंपं भरलेली होती.

तिने वीज कार्यालयाला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"साहेब, एक तास लाईट द्या. दोन फूट चढेल."

"ताई, वारा बघताय ना? ठिणगी पडली तर तुमच्याच डोक्यावर पडेल."

"आणि पाण्यावाचून कुणी गेलं तर?"

साहेब अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या हातात नाही हो. टँकर निघालाय."

तो टँकर अजून निघालेलाच आहे.

दीडच्या सुमाराला नणंद अनवाणी धावत आली. पाय पोळत होते, तरी ती एका जागी उभी राहिली.

"वहिनी, आई हाकेला ओ देत नाही. अंग नुसतं विस्तव झालंय. घरात थेंब नाही. तूच म्हणालीस, आपण साठवायचं नाही, लोक नावं ठेवतील!"

वहिनीने टाकीच्या तळाच्या तोटीखाली बादली लावली. भरली. नणंदेच्या हातात दिली. मागून एक बाई पुढे आली, कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल, मान टाकलेलं.

"तुमच्या सासूबाईंना बादली मिळाली. याला?"

वहिनीने त्या मुलाच्या कपाळाला हात लावला. मग कितीतरी वेळ ती पट्टीकडे बघत उभी राहिली. शेवटी तिने चावी उचलली.

"वीस मिनिटं. प्यायला आणि अंग पुसायला फक्त. पिंपं भरू नका, पाया पडते तुमच्या."

लोकांनी पिंपं भरली. मी मोरीतला टब भरला. वीस मिनिटांनी पातळी अडीच फुटांवर होती.

तीनला धूर दिसला. पाचव्या ओळीतल्या एका घरात विजेची शेगडी बंद म्हणून अंगणात तीन दगड मांडून भात लावला होता. वाऱ्याने निखारा गवतात नेला. मग वाट कसली बघतेय आग! बंब आला तोवर पाचवी ओळ गेली होती. टाकीला पाइप जोडला, वहिनी व्हॉल्व्हपाशी उभी राहिली. मी आणि नणंदेने म्हातारीला चादरीत घालून पलीकडच्या उतारावर नेलं. तिने डोळे उघडले होते.

परत आलो तेव्हा चौथ्या ओळीवर पाण्याचा मारा चालू होता. आग खाली बसत होती, खरंच बसत होती. आणि पाइप मऊ पडला. बंबवाला ओरडला, "पाणी तुटलं!"

चौथ्या ओळीतली आणखी सहा घरं आमच्या डोळ्यांदेखत गेली. लोक बादल्या घेऊन धावले, पण त्या धगीजवळ कुणाला जाता येईना. पुढे डांबरी रस्ता होता, तिथे ओल्या पोत्यांनी झोडपून आग कशीबशी थांबवली. माणूस एकही गेलं नाही.

"आणखी दहा मिनिटं पाणी पुरलं असतं..." बंबवाला स्वतःशीच म्हणाला. वहिनी शेजारीच होती.

चौकशी लागली. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, टाकी गळत होती असं सांगायचं. मी तिला सांगायला गेलो.

"गळत नव्हती, भाऊ," ती म्हणाली. "मी उघडली."

तसंच तिने लिहून दिलं. वेळेसकट. आम्ही पिंपं भरल्याचं मात्र तिने लिहिलं नाही. तिला पंपावरून काढून कार्यालयात फायली उचलायला बसवलं. नवं इंजिन महिन्याभरात आलं. सासू पावसाळ्यात गेली, शांतपणे, झोपेत.

ते मूल चौथ्या ओळीतलं होतं. जळालेल्या सहांपैकी एक घर त्याचं. त्याची आई आता मावशीकडे राहते, रस्त्यात कधीतरी वहिनीला भेटते. एकदा मी दुकानातून पाहिलं. दोघी थांबल्या. मूल आता चालायला लागलंय, ते वहिनीच्या पिशवीला धरून ओढत होतं. आईने ना आभार मानले, ना दोष दिला. मुलाची मूठ सोडवली, त्याला उचललं आणि म्हणाली, "येते." वहिनी "हो" म्हणाली आणि टेकडी चढायला लागली.